बुधवारची सही

अंकिताचं नाव त्या रजिस्टरात मीच लिहिलं. दुसऱ्या कुणाचा त्यात हात न्हाई. पोलिसांनी इचारलं तवा हेच सांगितलं, आन तुमालाबी हेच सांगतोय.

मी माजी हवालदार लालासाहेब घार्गे. गाव वडूजजवळचं, पण फौजेतनं आल्यापास्नं सांगलीत ऱ्हातो. आमच्याकडं फौजेतनं आलेला माणूस हवालदार असू दे न्हाईतर लंगरातला आचारी, लोक त्याला मेजरच म्हणत्यात. तसा मी मेजर. पेन्शनीवर घरात बसलो तर चार महिन्यात बायको, बनुबाई, वैतागली. म्हणली, "आवं, दिवसभर माझी कवायत घेताय, त्यापरीस कुठंतरी कामाला लागा." तिचं काय चुकलं न्हाई, माझं डोकं लय लवकर तापतं. मंग सार्वजनिक वाचनालयात शिपाई म्हणून लागलो. दार उघडायचं, स्टँडवर पेपर लावायचं, आन दारातल्या टेबलावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची सही घ्यायची. नाव, आल्याची येळ, गेल्याची येळ, सही. गार्डरूमला जे केलं तेच हितं. सही केल्याबिगर मी कलेक्टरलाबी आत सोडला नसता.

तुमाला वाटंल वाचनालयात समदी चष्म्यातली शहाणी माणसं येत असतील. एकदा दुपारचं येऊन बघा की. दादासो मार्केट यार्डात हमाल व्हता, आता गुडघं गेलं. त्याच्या घरात हळदीचं एक कांडं न्हाई, पण हळदीचा भाव वाचल्याबिगर त्याला च्या गोड लागत न्हाई. धोंडुबाई सकाळची भाजी इकून यायची. तिला अक्षर येत न्हाई, सहीच्या जागी अंगठा उठवायची. रविवारच्या पुरवण्यांतली चित्रं बघायची, पंख्याखाली पाय लांब करायची आन तीनच्या ठोक्याला उठून जायची. मी एकदा तिला म्हणलं, "मावशे, वाचता येत न्हाई तर येतीस कशाला?" तर म्हणली, "तुला वाचता येतंय तर तू कवा वाचतोस रं?"

खरं सांगतो, सांगली एवढी मोठी हाय, पण बाईमाणसाला पैसं न देता, कारण न सांगता, तीन तास बसाय मिळंल अशी दुसरी जागा दाखवा मला. देवळात बसली तर चार बाया इचारत्यात, घरी काय झालं गं? स्टँडवर बसली तर टवाळ पोरं घिरट्या घालत्यात. हितं कुणी इचारत न्हाई. सही कर आन बस.

अंकिता दर सोमवारी आन गुरुवारी यायची. एक वाजता यायची, चारला जायची. पंचविशीची पोर, माहेर वडूज. गाव ऐकल्यावर मी म्हणलं, "म्हंजे तू आमचीच की गं." तवापास्नं मला काका म्हणायची. नवरा विश्वजीत, कुपवाडला एका वर्कशॉपात कामाला. गावाकडं ऊस हाय, घरचं बरं हाय, पण माणूस संशयी. तिला सरकारी परीक्षा द्यायची व्हती. सासऱ्यानं मध्ये पडून रदबदली केली तवा नवऱ्यानं दोन दिवस मंजूर केलं. दोनच. तिसऱ्या दिवशी उंबरा वलांडायचा न्हाई. तीबी बिचारी घड्याळ लावल्यागत यायची आन जायची. बायांच्या टेबलावर, खिडकीच्या बाजूला. एवढ्या महिन्यात ती एका बाप्याशी बोललेली मी बघितली न्हाई. माझ्याशी बोलायची तेवढंच.

एकदा तिच्या मानंवर काळानिळा वण दिसला. पदर सारून झाकला तिनं. मी बघितलं, आन बघून मूग गिळून बसलो. म्हणलं, दुसऱ्याच्या संसारात आपुन कशाला नाक खुपसा? त्या दिवशी जाताना सही करता करता म्हणली, "काका, मला रोज याय मिळालं असतं ना, तर लय बरं झालं असतं."

हे माझ्या मनात घर करून बसलं. आन तिथंच माती खाल्ली मी.

आता रजिस्टरचं ऐका. वाचनालयाला सरकारचं अनुदान मिळतं ते त्याच्या अ-ब-क अशा वर्गावर. वर्ग टिकवायचा तर रोज ठरावीक माणसं वाचाय आली पायजेत, आन त्याचा पुरावा म्हंजे माझं रजिस्टर. माणसं आता कमी झाली. पोरं एसीच्या अभ्यासिकेत जात्यात, म्हातारी मोबाईलवर पेपर बघत्यात. तपासणी आठ-पंधरा दिवसांवर आली तवा आमच्या ग्रंथपाल शरयूमॅडमनी मला आत बोलावलं. बाई सरळ हाय, कुणाच्या वाळवणातला पापड उचलणारी न्हाई. पण त्या दिवशी त्यांनी खालीच बघून सांगितलं, "लालासाहेब, मोकळ्या ओळी भरून घ्या. वर्ग घसरला तर दुपारचं वाचनालय बंद करावं लागेल. मग ही माणसं कुठे जातील?"

मी भरल्या. चार रंगाची पेनं घेतली, नेहमीच्या माणसांची नावं घेतली, आन मागच्या तीन महिन्यांच्या मोकळ्या ओळी भरत बसलो. अंकिताची सही सोपी. एक गोल, एक तिरकी रेघ, खाली टिंब. मंगळवारी अंकिता, बुधवारी अंकिता, शुक्रवारी अंकिता. लिहिताना मला काय वाटलं सांगू? हसू नका. वाटलं, चला, कागदावर तरी पोरीला रोज याय मिळू दे.

त्याच आठवड्यातल्या मंगळवारी विश्वजीत आला. मी त्याला पहिल्यांदाच बघत व्हतो. इस्त्रीचा शर्ट, गोड हसणं, आल्या आल्या पायाला हात. "काय मेजर, कोणची पलटन?" म्हणला. मी सांगितली. त्याचा चुलताबी फौजेतच. दहा मिनटं गप्पा हाणल्या. मंग म्हणला, "बायको अभ्यास करती का न्हाई तेवढं बघायचं हुतं. रजिस्टर बघू काय?"

आता मी काय करावं? मी छाती फुगवली. म्हणलं, "बघा की. सार्वजनिक काम हाय, हितं लपवालपवी न्हाई." आन माझ्याच हातानं रजिस्टर त्याच्यापुढं फिरवलं.

तो सावकाश पानं उलटत ऱ्हायला. एका ठिकाणी बोट ठेवून म्हणला, "बुधवारीबी येती व्हय?"

तुमाला शपथ घेऊन सांगतो, त्या घडीला मी तोंड उघडून खरं बोलायला पायजे व्हतं. पण तपासणीसाठी मॅडमनी माझ्याकडनं घोकून घेतलं व्हतं: कुणीबी इचारलं तर सांगायचं, ही माणसं रोज येत्यात. फौजी माणूस, पाठ केलेलं तोंडातनं सुटलं. "व्हय तर. रोज येती. लय हुशार पोरगी."

त्यानं मोबाईल काढून पाच-सहा पानांचं फोटो घेतलं. पुन्यांदा हसला, पुन्यांदा पाया पडला आन गेला. मी दादासोला म्हणलं, काय सोन्यासारखा जावई मिळालाय आमच्या वडूजला.

गुरुवारी एक वाजता अंकिता आली. उजव्या हाताला कोपरापतूर पलस्तर, एक डोळा मिटलेला, व्हट फाटलेला. आत न जाता माझ्या टेबलापुढं हुबी ऱ्हायली. डाव्या हातानं रजिस्टर स्वतःकडं वढलं आन मागची पानं उलटाय लागली.

"काका," ती म्हणली, "मी बुधवारी आलते का हो?"

मी बुधवारच्या पानावर हात ठेवला.

"त्यांनी फोटो दाखवला. मी म्हणलं ही माझी सही न्हाई. म्हणलं, देवाशपथ मी आले न्हाई. तर म्हणले, मेजर स्वतः सांगतोय रोज येतीस म्हणून, मेजर खोटा काय? बुधवारी कुणाकडं जात हुतीस ते सांग. रात्रभर तेच. मी काय सांगणार? पहाटं हात दाराच्या फटीत धरला आन दार लावलं. तीन बोटं मोडल्यात."

तिच्या आवाजात रडू नव्हतं. मी म्हणलं, "पोरी, मी लिवलं गं ते. तपासणीसाठी."

तिनं डोळं मिटलं. मोठा श्वास सोडला, डोक्यावरचा भारा कुणीतरी उतरवल्यागत. म्हणली, "मंग तेवढं त्यांना सांगा. आजच सांगा. बाकी काय नको मला."

मी तसाच मॅडमच्या खोलीत गेलो. त्या ऐकून पांढऱ्याफटक पडल्या. म्हणाल्या, "अरे देवा, काय करून बसलो आपण!" मंग म्हणाल्या, "तपासणी पुढच्या शुक्रवारी आहे. तो माणूस तक्रार घेऊन कुठे गेला तर खोट्या नोंदींसाठी वाचनालयाला टाळं लागेल. आठ दिवस, लालासाहेब. फक्त आठ दिवस तिला माहेरी जायला सांगा."

मॅडमवर खापर फोडणार न्हाई मी. पाय माझं व्हतं, तोंड माझं व्हतं. मी चालत कुपवाडला जाऊ शकत व्हतो. पण नोकरी जाईल, फौजेतनं आणलेली इज्जत जाईल, पेपरात नाव येईल, हे समदं डोक्यात आलं. बाहेर येऊन मी अंकिताला म्हणलं, "आठ दिवस थांब पोरी. वडूजला जा. तपासणी हू दे, मंग मी स्वतः येऊन सांगतो."

"माहेरी गेले तर म्हणतील चोरी पकडली म्हणून पळाली," ती म्हणली. मंग गेली.

आता माझ्या आठ दिवसांनी काय केलं बघा. शनिवारी नवऱ्यानं पुन्यांदा तोच सवाल काढला. ती म्हणली, मेजर समदं सांगणार हाईत, पण आठ दिवसांनी. झालं! त्याला वाटलं, मेजरला हिनं फितवलाय, आठ दिवसात गोष्ट रचायची चालल्या. रविवारभर तो एक शब्द बोलला न्हाई. सोमवारी पाळी सोडून दुपारीच घरी आला.

दीडला मी टेबलावर व्हतो. आत दहा-बारा माणसं. दादासो हळदीचा भाव बघत व्हता, धोंडुबाईचा डोळा लागला व्हता. तेवढ्यात अंकिता दारातनं आत आली, अनवाणी, केस मोकळं, कपाळातनं रगात गळतंय. तिच्या घरापास्नं हितपतूर देऊळ लागतं, दवाखाना लागतो, पोलीस चौकीबी लागती. ती कुठंच थांबली न्हाई, हितंच आली. नंतर हितंच का म्हणून इचारलं तर म्हणली, "हितं मला वळखणारी माणसं बसलेली असत्यात."

मी उठतोय न उठतोय तवर बाहेर मोटरसायकल आडवी पडल्याचा आवाज झाला आन विश्वजीत दारात आला. हातात वर्कशॉपातला लोखंडी गज. मी आडवा झालो. त्यानं काय इचारलं न्हाई, सरळ गज घातला. माझ्या डाव्या कानाच्या वर बसला. फौजेत इतकी वर्सं काढली, गोळी लागली न्हाई, आन हितं पेपराच्या स्टँडजवळ आडवा झालो. डोळ्यापुढं समदं लाल.

तो मला वलांडून आत गेला. अंकिता खिडकीकडं पळाली, त्यानं तिला केसाला धरून खाली आपटली. गज तिच्या पलस्तरावर घातला. पलस्तर फुटलं तो आवाज अजून माझ्या कानात हाय, आन त्यावरचा तिचा आवाज तर सांगूच नका. "बोल, बुधवारी कुठं हुतीस? बोल!" परत गज वर गेला.

खरं सांगतो, ती दहा-बारा माणसं रोज एका टेबलावर बसायची, पण एकमेकांची नावं त्यांना ठाऊक नव्हती. भिंतीवर शांतता राखा लिहिलंय, ते पाळत आलेली माणसं. पण त्या दुपारी ती समदीच्या समदी उठली. दादासोनं मागनं त्याच्या कमरंला मिठी घातली. हमाली केलेलं हात, सुटतोय कुठं? विश्वजीतनं कोपर हाणून त्याचं नाक फोडलं, तरी म्हाताऱ्यानं मिठी सोडली न्हाई. परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या पोरींनी खुर्च्या पुढं केल्या. धोंडुबाईनं शब्दकोशाचा जाडा ठोकळा दोन्ही हातांनी उचलला आन त्याच्या हातावर घातला. "मुडद्या, बाईला मारतोस व्हय रं!" गज खणकन खाली पडला. कुणीतरी तो लाथंनं कपाटाखाली ढकलला.

तवर मी टेबलाला धरून हुबा ऱ्हायलो व्हतो. वरडलो, "ती सही माझी हाय! म्या लिहिली! बुधवारी ती आली नव्हती!"

विश्वजीत थांबला. दादासोनं त्याला धरलेलाच. धापा टाकत म्हणला, "तिला वाचवाय खोटं बोलतोस."

"थांब, दाखवतो."

मी रजिस्टर घेतलं आन त्याच्या नाकापुढं धरलं. पेन घेतलं. माझ्या कानावरनं पानावर रगात टपकत व्हतं. त्या रगताच्या बाजूलाच मी सही केली. एक गोल, एक तिरकी रेघ, खाली टिंब. अंकिता. दुसऱ्यांदा केली. तिसऱ्यांदा केली. मंग बुधवारचं पान काढून बाजूला धरलं. म्हणलं, "बघ. लाव फोटोला लावून. तपासणीसाठी खोटी माणसं भरली म्या. तुझी बायको सोमवार-गुरुवारशिवाय कवा आली न्हाई. माझ्या लेकराबाळाची शपथ."

मॅडम त्यांच्या खोलीच्या दारात हुब्या व्हत्या. समद्यांनी ऐकलं.

विश्वजीतनं बघितलं. नीट बघितलं, ह्या सहीकडनं त्या सहीकडं. त्याला पटलं. पटलेलं माणसाच्या तोंडावर दिसतं, ते मला दिसलं. मला वाटलं, सुटली पोरगी. आता ह्यो गडी खाली बसंल, डोकं धरून रडंल.

तो म्हणला, "बरं. मंग सोमवारी आन गुरुवारी कुणासंगं बसायची ही?"

म्हंजे त्याला बुधवारचं काय पडलंच नव्हतं. बुधवार नसता तर गुरुवार काढला असता. त्याला मारायचं व्हतं, आन मी त्याच्या हातात कागद दिला, एवढंच.

मंग माझं डोकं तापलं. दादासोच्या मिठीतनं एक हात सोडवून तो परत तिच्या केसाला झोंबाय वाकला, तसा मी त्याच्या जबड्यावर मूठ घातली. दात पडलं त्याचं, माझ्या मुठीची कातडी फाटली. दुसरी घातली. तिसरी घातली. मॅडम वरडल्या तवा थांबलो. पोलीस येईपतूर दादासो त्याच्या छातीवर बसला व्हता, नाकातनं रगात गळत, आन धोंडुबाई अंकिताचं डोकं मांडीवर घेऊन पदरानं पुसत व्हती.

मॅडमनी माझ्याआधी जबाब दिला. "खोट्या नोंदी करायला मीच सांगितलं होतं," असं स्वतःच्या हातानं लिहून दिलं. मी माझं लिहून दिलं. पोलीस रजिस्टर घेऊन गेलं. वर्ग घसरला. मला काढलं, ते बरोबरच केलं. आता वाचनालय सकाळचं दोन-तीन तास उघडतं. दुपारी कुलूप. दादासो अजून दुपारचा येतो आन पायरीवर बसतो. धोंडुबाई कुठं जाती, मला ठाऊक न्हाई.

विश्वजीत आत हाय. जामिनाची खटपट चालल्या. अंकिता वडूजला बापाकडं ऱ्हाती. दोन महिन्यांनी मी आन बनुबाई तिला भेटाय गेलो. ओसरीवर बसली व्हती. बोटं जुळली, पण वाकडी जुळली. पेन धरता येत न्हाई अजून. बनुबाईनं तिला जवळ घेतलं. मी समोर हुबा. शेवटाला हात जोडलं, म्हणलं, "पोरी, माझ्यामुळं झालं गं समदं."

"न्हाई काका," ती म्हणली. "मारलं त्यांनी, ते त्यांच्यामुळं झालं. रजिस्टरात लिहिलं तेबी मी कवाच सोडून दिलं."

मला बरं वाटाय लागलं व्हतं.

"पण मी खरं बोलत हुते," ती म्हणली, "हे साऱ्या सांगलीत तुमाला आन मॅडमलाच ठाऊक हुतं. आन तुमी मला थांब म्हणला."

बनुबाईनं माझ्याकडं बघितलं. मी हात जोडलेलं तसंच धरून हुबा ऱ्हायलो.